एकोणसाठची चाल

नवीन चाल ऐकवल्यावर कंटेनरदादाने मला कधीही 'कशी वाटली?' असं विचारलं नाही. तो विचारायचा, "कुठं ऐकलीय का?" मी नाही म्हटलं, की एखाद्या घरात रिपोर्ट नॉर्मल आल्यावर जसे चेहरे होतात तसा त्याचा चेहरा व्हायचा. चाल बरी की वाईट, हा त्याच्या दृष्टीने नंतरचा प्रश्न. ती आधीच दुसऱ्या कुणाची झालेली नाही ना, एवढं त्याला पहिल्यांदा कळायला हवं असायचं.

अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक सोसायट्यांमध्ये एखादा असतोच. गणपतीत कीबोर्ड वाजवतो, कुणाच्या हळदीत माइक हातात घेतो, आणि 'आमचा मुलगा म्युझिकमध्ये आहे' असं सांगताना त्याच्या घरच्यांचा आवाज थोडा खाली येतो. आमचा असा मुलगा सानपाड्याच्या सिडकोच्या बिल्डिंगमध्ये, आमच्याच वरच्या मजल्यावर राहायचा. वडील तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर. आई मूळची बीडकडची, जयंतीच्या कार्यक्रमांत कोरसमध्ये गाणारी. भाकऱ्या थापतानाचा तिचा आवाज आमच्या किचनच्या खिडकीतून घरात यायचा. आणि हा बी. कॉम. होऊन न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लागलेला. यार्डात उभं राहून कंटेनरवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे ना, हे ताडून बघायचं, हे त्याचं काम.

नाव बिल्डिंगमधल्या मुलांनी पाडलं, पण ते नोकरीवरून नव्हे, गाण्यावरून. लिफ्टमध्ये, जिन्यात, दूध आणायला जाताना तो कंटेनरचे नंबर गात असायचा. "सत्तेचाळीस... त्र्याहत्तर... सव्वीस... आठ." खालच्या सुरात सुरू करून वर चढायचा, मग हळूहळू उतरायचा. नवीन भाडेकरूंना वाटायचं, हा ओटीपी पाठ करतोय.

कारण साधं होतं. चाल करताना तोंडात काहीतरी शब्द लागतात. खरे शब्द नंतर येतात, तोपर्यंत खोटे घालून काम चालवायचं. त्यांना डमी म्हणतात. बरेच जण ला-ला करतात, काही जण अर्थ नसलेलं हिंदी घालतात. कंटेनरदादाला दोन्ही पटत नसे. ला-लावर केलेली चाल शेवटपर्यंत ला-लाच राहते, असं त्याचं मत. "इंग्लिश आकडे बघ मॅडम, फॉर्टी-थ्री, फॉर्टी-फोर, सगळे एका साच्यातले," तो मला म्हणायचा. "आपल्याकडे त्रेचाळीसचं तोंड वेगळं, चव्वेचाळीसचं वेगळं. सूर लावताना माणसाशी बोलल्यासारखं वाटतं." मी इंग्लिश मीडियमची, म्हणून मॅडम.

कंटेनरवर सात आकडे असतात. तो पहिल्या सहांच्या जोड्या करायचा आणि सातवा एकटा ठेवायचा. तो सातवा आकडा कंटेनरवरसुद्धा वेगळ्या चौकटीत लिहिलेला असतो. आधीचे आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे म्हणे त्याच्यावरून ताडता येतं. चालीची सम दादा नेहमी त्या चौकटीतल्या आकड्यावर आणायचा. शेवटचा सूर नीट बसला नाही, तर तो सूर बदलत बसायचा नाही. मागे कुठंतरी चुकलंय, असं म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायचा. त्यामुळे त्याची प्रत्येक चाल मी पहिल्यापासून फार वेळा ऐकलेली आहे.

मी त्याची परीक्षक कशी झाले, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मी लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघत उभी राहणारी मुलगी. खारघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि वर्गात हजेरीपुरतं बोलायचे. एक दिवस लिफ्टमध्ये दादाने स्वतःचा मोबाइल पुढे केला, एक चाल वाजवली आणि त्याचा तो प्रश्न विचारला. मी मानेनेच नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट यायला लागल्या. हाय नाही, हॅलो नाही, नुसती चाल. मीही उत्तरात फक्त 'नो' लिहायचे. हे आमचं संभाषण.

मला वाटायचं, आपला कान चांगला असणार. एकदा न राहवून विचारलं, की मीच का? त्याने फार प्रामाणिकपणे सांगितलं, की माझे कान कोरे आहेत. आमच्या घरी मराठी गाणी वाजत नाहीत, मी मराठी शाळेत गेले नाही, म्हणजे माझ्या डोक्यात आधीपासून कुणी बसलेलं नाही. मी हे मनाला लावून घेतलं आणि दोन-तीन व्हॉइस नोटांना उत्तरच दिलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, की ज्याला चोरी झाली का हे बघायचंय, त्याने कधीच काही न पाहिलेली साक्षीदार निवडली आहे. पण हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. मनात आलेल्या बहुतेक गोष्टी मी बोलून दाखवत नाही.

दादाला सगळ्यात जास्त राग यायचा तो 'रेफरन्स' या शब्दाचा. आमच्या इथल्या मंडळाने एकदा त्याला गणपतीचं गाणं करायला सांगितलं आणि सोबत दुसऱ्याच एका गाण्याची लिंक पाठवली. असंच पाहिजे, पण जरा वेगळं. त्याने सरळ नाही सांगितलं. सारखं पण वेगळं म्हणजे जुळ्या भावाला मिशी लावणं, असं तो म्हणाला, आणि हे वाक्य मंडळाच्या अध्यक्षांपर्यंत पोचलं. त्या वर्षी त्याला कीबोर्डही वाजवू दिला नाही. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, प्रसादाचा डबा आणून आमच्याकडे दिला आणि म्हणाल्या, "आमच्या लेकराला नवं पाहिजे बाई. नवं कुठून आणावं? सूर तर सातच हायेत."

पुढे दिवाळी झाल्यावर त्याच्यासमोर दोन गोष्टी एकदम आल्या. ऑफिसने त्याला बढती देऊन गुजरातेत मुंद्रा बंदरावर पाठवायचं ठरवलं. आणि वाशीत स्टुडिओ असलेले एक संगीतकार आहेत, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, त्यांचा असिस्टंट सोडून चालला होता. सर दादाला म्हणाले, एक चाल घेऊन ये, पण तुझी स्वतःची आण. म्हणजे चाल त्याची ठरली तर नोकरी सोडून वाशी, नाही ठरली तर मुंद्रा. वडिलांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं आणि काकू मधल्यामध्ये निरोप पोचवू लागल्या. "तुझे पप्पा इचारायलेत, मुंद्र्याला समुद्र हाय का." दादाचं उत्तर, "सांग त्यांना, बंदर आहे म्हणजे असणारच." तिघं एकाच खोलीत असायचे.

त्या दिवसांत त्याने मला एक चाल पाठवली. यार्डाच्या गेटवर ट्रकच्या रांगेत उभं राहून गायलेली, मागे हॉर्न. आधीच्या सगळ्या चालींपेक्षा ही संथ होती. दोन पावलं वर जायची, थांबायची, मग एक लांब उतार. कॉलेजच्या जिन्यात बसून मी ती ऐकली, मग परत ऐकली. आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की यात आकडे नाहीत, खरे शब्द आहेत. मी नेहमीचा 'नो' पाठवला आणि बरंच लिहून-खोडून आणखी एक ओळ पाठवली, की शब्द छान आहेत, पण नेमकं काय कोणासाठी आहे ते कळलं नाही.

त्याचा फोन आला. तो कधी फोन करायचा नाही.

"कुठले शब्द?"

"एक कोणासाठी."

तो जपून, एखाद्याचा अपमान होऊ नये अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, ते एकोणसाठ आहे. फिफ्टी-नाइन." सूर धरून ठेवायला त्याने आकड्याच्या शेवटी 'ई' लावली होती. एकोणसाठी.

आता हेही सांगून टाकते. मला मराठी आकडे वीसपर्यंत नीट येतात. त्यापुढे कुणी फोन नंबर सांगायला लागलं की मी समजल्याचा चेहरा करते आणि शेवटी म्हणते, मेसेज करता का? आमच्या शाळेतल्या सगळ्यांचं हेच आहे. पण आकड्याचं गाणं ऐकून त्यात कोणासाठी तरी जीव लावून बसणारी बहुधा मी एकटीच. मला फोन ठेवायचा होता. तेवढ्यात तो म्हणाला, "थांब. परत म्हण." मी परत म्हटलं. त्याने ते गाऊन बघितलं. मग म्हणाला, "हे राहू दे. पुढचं पण तूच लिही."

मला मराठी लिहिता येत नाही, मी म्हटलं.

"नको येऊ दे. तुला चुकीचं ऐकू येतं ना, तेच लिही."

मी लिहिलं. 'एक कोणासाठी खिडकी उघडी ठेवली, एक कोणासाठी लिफ्ट धरून ठेवली.' आणखी दोन ओळी होत्या, त्या त्याने काढून टाकल्या. त्यात मी फार हुशारी केली होती, असं त्याचं म्हणणं. ते खरं होतं.

चाल घेऊन तो वाशीला गेला. सरांनी डोळे मिटून ऐकली, पुन्हा लावायला सांगितली, आणि म्हणाले, चांगली आहे रे, पण मी ऐकलीय. कुठे, ते त्यांना आठवेना. टेबलावर बोटांनी ठेका धरून त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं. मग म्हणाले, "तू शोध. सापडली तर सांगायला ये. नाही सापडली, तर मग तुझीच." दादा स्टुडिओतून सरळ आमच्या दारात आला. बूट न काढता तिथेच उभा राहिला आणि त्याने मला सांगितलं, की आपण चोर आहोत, फक्त माल कुणाचा ते कळत नाहीये.

ऑफिसला महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. तोपर्यंत आम्ही ती चाल शोधली. इतक्या लोकांशी मी आधी कधी बोलले नव्हते आणि नंतरही बोललेले नाही. मोबाइलवर गाणं ओळखणारं ॲप असतं, त्याला ऐकवली. त्याला काही सापडलं नाही. मग माणसांना ऐकवली. आमच्या औषधाच्या दुकानातले काका म्हणाले, ही अंगाई आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, कुठल्यातरी देवीची आरती. वॉचमनला ती दंतमंजनाची जाहिरात वाटली. प्रत्येक जण अगदी खात्रीने सांगायचा. दादा ते ते गाणं शोधून लावायचा, आणि दोन्हींचा काही संबंध नसायचा. "अंगाई, आरती आणि दात," दादा म्हणाला. "एवढं सगळं मी एका चालीत चोरलं?" हसता हसता त्याचा चेहरा पडत चालला होता. काकूंनी मात्र पीठ मळता मळता शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ऐकल्यावाणी वाटायलंय. पर गाण्यात न्हाई ऐकलं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. गाण्यात नाही, तर मग कशात?

माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींना मी चाल ऐकवली. सगळ्या म्हणाल्या, नवीन आहे. फक्त एक जण म्हणाली, ऐकलीय यार कुठंतरी. ती उरणजवळच्या गावातली, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. मी घरी येऊन पुन्हा आठवून बघितलं. औषधवाले काका, आजी, वॉचमन, काकू, सर. 'ऐकलीय' म्हणणारे सगळे मराठी शाळेतले. 'नाही' म्हणणाऱ्या आम्ही सगळ्या इंग्लिश मीडियमच्या. मी हे दादाला सांगितलं. मग आम्ही शाळेच्या प्रार्थना शोधल्या, कविता शोधल्या, प्रतिज्ञासुद्धा म्हणून बघितली. प्रतिज्ञेला चालच नसते, हे दादाने मला फार गंभीरपणे समजावून सांगितलं.

रविवारी सकाळी बाबा बाल्कनीत मोजायची टेप घेऊन खाली बसले होते. आम्हाला तिथे नवीन टाइल्स बसवायच्या होत्या. माझे बाबा बँकेत आहेत, दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतात, पण त्या दिवशी मोबाइल चार्जिंगला लावलेला, म्हणून तोंडानेच हिशेब करत होते. एका ओळीत तेरा, अशा सात ओळी. ते पुटपुटत होते, "तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते एक्क्याण्णव."

मी आत चहा पीत होते. कप तसाच ठेवून बाहेर आले. दोन पावलं वर, थांबा, मग उतार. दोन पावलं वर, थांबा, मग उतार.

मी म्हटलं, बाबा, हे पहिल्यापासून म्हणा.

त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. मग त्यांनी म्हटलं. तेरा एके तेरापासून तेरा दाहे तीसासेपर्यंत. मधेच कधीतरी ते मांडी घालून किंचित डोलायला लागले होते, आणि ते त्यांना माहीत नव्हतं. मी बाबांना बावीस वर्षं ओळखते, पण त्यांचा हा आवाज मी ऐकलेला नव्हता. गावाकडे दिवेलागणीला सगळी भावंडं भिंतीला टेकून हे म्हणायची, असं ते सांगू लागले. ही चाल कुणी शिकवली, असं मी विचारलं, तर म्हणाले, कुणी नाही, पाढे म्हणायला लागलं की ती येतेच. मग मला का नाही शिकवले, असंही मी विचारलं. ते टेप गुंडाळत राहिले.

"तुझं शाळेत थर्टीन वन्झा थर्टीन चाललेलं. त्यात माझं हे घुसवून तुझा गोंधळ कशाला करायचा?"

मी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं, रेकॉर्ड केलं आणि दादाला पाठवून दिलं. हाय नाही, हॅलो नाही. थोड्याच वेळात तो खाली आला आणि बाल्कनीच्या उंबऱ्यावर बाबांच्या समोर बसला. "काका, तेराचा म्हणा," तो म्हणाला. बाबा म्हणू लागले आणि त्याच्यावर दादा गाऊ लागला, एक कोणासाठी. दोन्ही एकमेकांत असे बसले, की मला हसू आलं. दादाला आलं नाही. त्याने सगळं उलगडून सांगितलं. आकडे तोंडात आले, की जीभ आपोआप लहानपणीच्या वाटेने गेली असणार. फक्त तो ती वाट इतकी हळू चालला, की त्याला स्वतःलाही ओळखू आली नाही.

"म्हणजे चोरलीच," तो म्हणाला.

"कुणाची?" बाबा म्हणाले. "पाढ्यांची चाल कुणी लावलेली नाही रे. ती आम्हाला मारून मुटकून लागलीय."

दादा दुसऱ्या दिवशी वाशीला गेला. गेला नसता तर चाललं असतं. सरांना काही आठवलेलं नव्हतं, आणि न सापडलेली चाल त्याचीच ठरणार होती. मी हे त्याला म्हटलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मीच त्याच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं. त्याने स्टुडिओत सांगितलं, सर, सापडली, पाढे आहेत. सर हसत सुटले. रेकॉर्डिस्टने बे एके बे सुरू केलं, सरांनी उचललं, आणि आख्खा स्टुडिओ बे दाहे वीसपर्यंत जाऊन आला. हसणं थांबल्यावर सर म्हणाले, "पण ही तर अख्ख्या महाराष्ट्राची निघाली. तुझी कुठाय?"

महिनाअखेरीस त्याने ऑफिसला होकार कळवला.

मला सरांचा राग आला होता, बराच आला होता. दादाला नव्हता. तो निघायच्या दिवशी मी त्याची कीबोर्डची बॅग धरून खाली गेले. वाटलं होतं, तो काहीतरी मोठं बोलेल, किंवा निदान गाण्याचं आता संपलं असं तरी म्हणेल. त्याचे वडील रिक्षात सामान चढवत होते आणि त्याला थेट सांगत होते, की तिकडचं पाणी जड असतं, उकळून पी. दादाचं लक्षच नव्हतं. तो मला म्हणाला, "मॅडम, गुजराती लोक पाढे कसे म्हणत असतील?"

त्यानंतरच्या व्हॉइस नोटांत दादाचा आवाज कमी आणि अनोळखी माणसांचे आवाज जास्त असायचे. बंदराच्या गेटवर ट्रकची रांग लागते, तिथे सगळ्या मुलखांतले ड्रायव्हर तासन्‌तास बसून असतात. दादा त्यांना चहा पाजून पाढे म्हणायला लावत होता. पहिल्यांदा ते त्याला वेडा समजले, मग त्यांच्यात पैजा लागायला लागल्या. कच्छकडचा एक म्हातारा ड्रायव्हर बे एकां बे अशी सुरुवात करून घोड्यावर बसल्यासारखा पळायचा. एक पंजाबी प्रत्येक ओळीच्या शेवटी चढायचा, उतरायचं त्याला माहीतच नव्हतं. बिहारमधला एक जण इतका हळू म्हणायचा, की ते मला प्रार्थनेसारखं वाटलं. ज्याला काहीच गाता येत नाही त्यालाही पाढ्याची चाल येते, असं दादाने एका नोटमध्ये म्हटलं होतं. आणखी एक त्याला सापडलं होतं. भाषा कुठलीही असो, पाचापाशी सगळे श्वास घेतात आणि सातापाशी सगळे दबकतात. तो हे असं सांगत होता, की जसं काही समुद्रात त्याला नवं बेट लागलंय.

वर्षभराने त्याने मला एक तुकडा पाठवला. गाणं म्हणता येणार नाही, शब्द नाहीत. सुरुवातीला एक ड्रायव्हर, मग दुसरा, मग चार-पाच एकात एक मिसळलेले. सात आलं, की सगळे दबकतात आणि त्या फटीतून कीबोर्डवर एक चाल आत येते. ती यातल्या कुणाचीच नाही. ती त्या सगळ्यांच्या मधून वाट काढत जाते, एखाद्याच्या हाताला धरून पुढे नेते, दुसऱ्याला मागे ठेवते. मी ती परत परत ऐकली आणि मला ती कशासारखी आहे, हे सांगता येईना.

हाच तुकडा त्याने सरांनाही पाठवला होता, काहीही न लिहिता. सरांचा फोन आला तेव्हा तो गेटवर होता. सरांनी एवढंच विचारलं, "ही कुणाची आहे?" दादा म्हणाला, उत्तर द्यायच्या आधी त्याने एकदा ट्रकच्या रांगेकडे बघून घेतलं. तिथून कुणी हात वर करत नव्हतं.

"मग म्हटलं, माझी आहे."

आता तो सरांकडे असतो. सकाळी स्टुडिओत जातो तो कधी परत येतो, हे काकूंनाही सांगता येत नाही. वडील रिटायर झाल्यावर त्यांनी पनवेलच्या पुढे मोठं घर घेतलं, आणि आमच्या किचनच्या खिडकीतून येणारा आवाज बंद झाला. वरच्या मजल्यावर आता एक शांत कुटुंब आहे. व्हॉइस नोटही हळूहळू थांबल्या. त्याच्या चाली ऐकायला आता तयार कानांची बरीच माणसं तिथे आहेत. मला वाईट वाटल्याचं मी त्याला कळवलेलं नाही. त्याच्यासाठी लिहायला घेतलेल्या ओळी मात्र थांबल्या नाहीत. मी अजून मराठीत लिहिते, बहुतेक चुकीचं ऐकलेलंच.

तो तुकडा मी बाबांना बरेच दिवस ऐकवला नव्हता. गेल्या रविवारी ऐकवला. बाल्कनीत नव्या टाइल्सवर ते मांडी घालून बसले, मी मोबाइल मध्ये ठेवला. बाबांना ना गुजराती येत, ना पंजाबी. मधे एका तमिळ ड्रायव्हरचा आवाज एकटाच सुटतो, तिथे ते पुढे झुकले. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक एक ओळ, एक एक पेर. तो माणूस मधेच थांबला. मला वाटलं, ते संगीतातलंच थांबणं आहे.

"आठावर अडला," बाबा हळूच म्हणाले. "इथे मार खाल्लाय त्याने."

अंगठा तिथेच दाबून धरून ते वाट बघत राहिले. मग त्या माणसाला आठवलं, तो पुढे म्हणू लागला, आणि बाबांनी नववं पेर मोजलं.